ओपन ते क्लोज

१८४८ साली लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे मुंबईचा एक खटला निकाली निघाला. रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सूजमल धोंडमल. वाद पैजेच्या पैशांचा होता आणि पैज लागली होती अफूवर. कलकत्त्यात कंपनी सरकार पाटणा अफूचा लिलाव करायचं. पुढच्या लिलावात सरासरी काय भाव फुटेल, यावर मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी आपापसांत पैसे लावले होते. यात अफूची एकही पेटी कुणाच्या वखारीत येणार नव्हती की कुणाच्या वखारीतून जाणार नव्हती. भाव कळला की हिशेब पुरा. हरलेल्यांनी हात वर केले आणि जिंकलेले कोर्टाची पायरी चढले. न्यायाधीशांना हा प्रकार पसंत नव्हता, पण इंग्लंडच्या रूढ कायद्यात पैजेची वसुली होऊ शकत असल्यामुळे मुंबईकरांनाही तो हक्क नाकारता येईना. त्याच वर्षी सरकारने कायदा करून पैजेचे करार रद्दबातल ठरवले.

या खटल्यात एकाच मालाभोवती दोन व्यसनं दिसतात. चीनमध्ये तीच अफू चिलमीत जळत होती, मुंबईत तिच्या भावावर रात्र जागवली जात होती. पहिल्या माणसाला काय होतं हे डोळ्यांना दिसतं. तो झिंगतो, वाळतो आणि अफू मिळाली नाही की तळमळतो. दुसऱ्याच्या पोटात काहीच गेलेलं नसतं. त्यामुळे पुढच्या पावणेदोनशे वर्षांत पहिल्याचा हळूहळू रुग्ण झाला, त्याचा केसपेपर निघाला. दुसरा बराच काळ आरोपीच राहिला. त्याच्या नावाने निघाला तो पंचनामा. या दुसऱ्या माणसाचा इतिहास लिहायला मुंबईइतकी चांगली जागा दुसरी नाही.

अफूच्या पैजेचे करार रद्दबातल झाले म्हणून मुंबई स्वस्थ बसली नाही. पावसाळ्यात पाऊस होताच. छपराची मोरी ठरल्या वेळेत वाहील की नाही, यावर पैसे लागू लागले. आकाशाकडे बघत, ढगांचा रंग जोखत, माणसं तासन्‌तास उभी राहत. १८८७ मध्ये मुंबई इलाख्याचा जुगारबंदीचा कायदा झाला, पण त्यात पत्ते आणि फासे बसत होते, पाऊस बसत नव्हता. जुगाराचं साधन जप्त करायचं तर जप्त काय करणार, छप्पर? शेवटी १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पावसालाही आत घ्यावं लागलं. जुगाराचा माल कोणता हे खेळणाऱ्याच्या लेखी गौण असतं, ही गोष्ट सरकारला तेव्हाच कळायला हरकत नव्हती. अफू गेली तर पाऊस, पाऊस गेला तर आणखी काही. पुढे काय होईल ते आत्ता माहीत नसणं आणि थोड्या वेळाने नक्की कळणार असणं, एवढ्या दोन गोष्टी त्याला पुरतात.

मग कापूस आला. खरं तर तो आधीपासूनच होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६० च्या दशकात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, शेअरांचं वेड लावलं आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये निम्मं शहर दिवाळ्यात काढलं. ती कथा अनेकदा सांगून झालेली आहे. आपल्याला हवा आहे तो कापसाच्या भावाचा शेवटचा आकडा. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये बाजार उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईला यायचा. व्यापाऱ्याला त्याचा उपयोग धंद्यासाठी. पण मुंबादेवीजवळच्या धनजी स्ट्रीटवर ज्यांच्याकडे कापसाचं बोंडही नव्हतं अशी माणसं त्या भावातल्या आकड्यांवर पैसे लावत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथून आले. आकडा हजारो मैलांवरच्या एका इमारतीत ठरतोय, म्हणजे इथल्या कुणाला त्यात हात घालता येणार नाही, हा या खेळाचा सगळ्यात मोठा विश्वास होता.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कहून हे आकडे येणं थांबलं. एखाद्या पदार्थाच्या व्यसनाची अशी रसद तुटली असती तर शहरात निदान काही दिवस हाहाकार झाला असता. इथे वेगळंच घडलं. आकड्यामागे कापूस असण्याचीच गरज नाही, हे काही डोक्यांच्या लक्षात आलं. आकडा आपणच काढला तर?

त्या डोक्यांपैकी दोन प्रसिद्ध झाली. कल्याणजी भगत कच्छमधल्या रातडियाचे. १९४१ मध्ये मुंबईत आले, फिरून मसाले विकले, मग वरळीत किराणा दुकान चालवलं. १९६२ मध्ये त्यांनी वरळी मटका सुरू केला. रतन खत्री सिंधी, फाळणीत कराचीहून आलेले. १९६४ मध्ये त्यांनी न्यू वरळी मटका काढला. सुरुवातीला आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात टाकून एक उचलत, त्यावरून मटका. मडकं लवकरच गेलं आणि पत्त्यांचा जोड आला, पण नाव टिकलं.

खेळ समजून घेतला पाहिजे, कारण सगळी करामत त्याच्या बांधणीत आहे. जोडातून राजा, राणी, गुलाम काढून टाकायचे. उरलेल्यांतून तीन पत्ते काढायचे, दश्शीला शून्य धरायचं. समजा ३, ५, ६ आले. बेरीज १४, शेवटचा आकडा ४. हा ओपन. काही तासांनी पुन्हा तीन पत्ते: २, ८, ८. बेरीज १८, म्हणजे ८. हा क्लोज. दोन्ही मिळून जोडी झाली ४८. नुसता ओपन किंवा क्लोज लावला तर साधारण नऊ पट, जोडी लावली तर नव्वद पट. तीन पत्त्यांचं अख्खं पान लावणाऱ्याला त्याहून जास्त. खत्रींच्या बाजारात रात्री नऊला ओपन आणि बाराला क्लोज, आठवड्यातले सहा दिवस. भगत यांचा बाजार सातही दिवस.

दहांतला एक आकडा येणार आणि मिळणार नऊ पट. म्हणजे दहा रुपयांत एक रुपया बाजाराचा. जोडीलाही तेच, शंभरांतली एक आणि मिळणार नव्वद. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही करता येतो, आणि खेळणारे काही अडाणी नव्हते. पण हिशेब एका डावाचा करून भागत नाही. जिंकलेले पैसे खिशात घालून घरी जाणारा माणूस विरळा. हातात येतं ते पुन्हा लागतं. शंभराचे सरासरी नव्वद, नव्वदचे एक्क्याऐंशी, असं करत सातव्या फेरीला निम्मेही उरत नाहीत. २०२० च्या मे महिन्यात खत्री वारले तेव्हा त्यांच्या सचोटीचं पुष्कळ कौतुक छापून आलं. पत्ते लोकांसमोर काढायचे, लागलेल्याला पैसे चुकते करायचे, शब्दाला पक्के. ते सगळं खरं मानायला हरकत नाही. लबाडी करण्याची गरजच नव्हती. उलट सचोटी हे या धंद्याचं भांडवल होतं. फसवणारा बाजार महिन्याभरात ओस पडला असता. प्रामाणिक बाजार तीस वर्षं चालला.

आता या बाजाराचं गिऱ्हाईक बघू. वरळी, लोअर परळ, लालबाग, काळाचौकी या टापूत साठ कापड गिरण्या आणि अडीच लाख कामगार. बरेचसे कोकणातले आणि घाटावरचे. बायका-मुलं गावाला, इथे दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाळेकरी आणि जेवायला खानावळ. पगारातून मनिऑर्डर गेली, खानावळीचं बिल गेलं, व्याज गेलं, की हातात जे उरेल त्यात आयुष्य बदलेल असं काही विकत घेता येत नव्हतं. त्यातही बदली कामगारांची गोष्ट निराळी. बदलीवाला रोज पाळीच्या वेळेला गिरणीच्या दारात उभा राहायचा. कुणी खाडा केला असेल तर आज काम, नाही तर परत खोलीवर. काम मिळेल की नाही हे रोज सकाळी कुणा दुसऱ्याच्या हाती. अशा माणसाला ‘नशिबावर विसंबू नकोस’ असं सांगणं सोपं आहे. त्याची भाकरीच ओपन-क्लोजवर चालली होती.

मटक्याचा आकडा घ्यायला माणूस लांब नव्हता. पानाच्या टपरीमागे, चाळीच्या जिन्याखाली, गिरणीच्या गेटसमोरच्या हॉटेलात एक जण पॅड घेऊन बसलेला. चार आणेही चालत. ओळख असेल तर उधारीही. रेसला जायचं तर महालक्ष्मीला जावं लागतं, तिकीट काढावं लागतं, घोडा कळावा लागतो. पत्ते खेळायचे तर चार जण जमावे लागतात आणि अख्खी रात्र जाते. इथे दूध आणायला जाता-जाता आकडा लावता येत होता. रेसच्या दारात मालक भेटण्याची लाज, पत्त्यांच्या अड्ड्यावर मारामारीची भीती. आकडा लावताना यातलं काहीच नाही. मुंबईत तेव्हा दारूबंदीही होती. १९४९ च्या कायद्याने परमिटशिवाय दारू पिणं गुन्हा ठरलं आणि गल्लोगल्ली हातभट्टी पोचली. कुणाला किती हप्ता, कुठल्या वेळी साहेबांची फेरी, छाप्याची खबर आधी कशी काढायची, हे सगळं शिक्षण शहराने दारूवर घेतलं. मटक्याला ते आयतं मिळालं.

आणि वेळ. गिरणीची दुसरी पाळी साधारण मध्यरात्रीला सुटायची, क्लोजही मध्यरात्री. यात कुणी आखणी केली होती असा माझा दावा नाही. पण पाळी सुटून घराकडे चाललेल्या माणसाला नाक्यावरच आकडा कळावा, याहून सोयीची वेळ दुसरी नव्हती.

नऊ ते बारा हे तीन तास जवळून पाहण्यासारखे आहेत. समजा, एखाद्याने ४८ ची जोडी लावली आहे. नऊला ओपन आला चौका. अजून एक दमडीही मिळालेली नाही, पण अर्धं काम फत्ते. आता शंभरात एक नव्हे, दहात एक. जेवताना त्याचं ताटात लक्ष नाही. कुणी शेजारी आजारी मुलाबद्दल बोलतोय, हा हुंकार देतोय. मनात अठ्ठा. पैसे आले तर कुणाचे आधी फेडायचे, गावाला किती, घरात सांगायचं की नाही. बारा वाजता क्लोज येतो नव्वा. ४९. एका आकड्याने गेलं. हरलेला असूनही तो हरल्यासारखा झोपत नाही. ‘आपण बरोबर होतो, थोडक्यात हुकलं’ असं म्हणत झोपतो. वास्तविक ४८ लावणाऱ्याला ४९ येणं आणि ०३ येणं यात पैशाच्या हिशेबाने काडीचा फरक नाही. २००९ मध्ये केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी माणसांना जुगाराच्या यंत्रासारखा खेळ खेळायला देऊन त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. थोडक्यात हुकलेला डाव खेळणाऱ्यांना अप्रिय वाटत होता, पण मेंदूत जिंकल्यावर जे भाग जागे होतात त्यांतले काही तेव्हाही जागे होत होते आणि पुन्हा खेळण्याची इच्छा वाढत होती. वरळीतल्या किराणा दुकानदाराला हे कळायला यंत्र लागलं नसेल. गिऱ्हाईक उद्या येतं की नाही एवढं त्याला दिसत होतं.

आकडा काढण्याचं शास्त्र हा एक स्वतंत्र उद्योग होता. रात्री स्वप्नात साप दिसला तर अमुक, प्रेत दिसलं तर तमुक. टॅक्सीच्या पाटीवरचा नंबर, एस.टी.च्या तिकिटाचे शेवटचे आकडे. नाक्यावरचा एखादा वेडगळ बाबा शिव्या घालायचा, तर शिव्या किती आणि हाताची बोटं किती वर होती याची मोजदाद. जुन्या निकालांचे तक्ते विकत मिळत. काही छोट्या पत्रांत ‘शुभांक’ अशा सोज्वळ नावाखाली सगळं छापून यायचं. सुशिक्षितांनी याला अडाणीपणा म्हणून हसून घेतलं. अमेरिकेत बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्येच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. भुकेल्या कबुतरांना पिंजऱ्यात ठराविक वेळाने दाणे पडतील अशी सोय केली. कबुतर काय करतंय याच्याशी दाण्यांचा काहीच संबंध नव्हता. तरी आठपैकी सहा कबुतरांना एकेक विधी लागला. एक गोल गोल फिरू लागलं, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मान खुपसू लागलं. दाणा पडला तेव्हा जे चाललं होतं, त्यामुळेच तो पडला असा त्यांचा समज. हे वाचल्यावर बाबाच्या शिव्या मोजणाऱ्याला हसणं जमत नाही. मुंबईच्या शेअर बाजारात आजही लकी शर्ट घालून बसणारे आहेतच.

स्किनरची त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. दर दहा टोचींना एक दाणा असं ठरलेलं असलं की कबुतर दाणा मिळाल्यावर दम घेतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी विसाव्या टोचीला, असा अनिश्चित मिळायला लागला की ते थांबत नाही. आणि दाणे बंद केले तरी कितीतरी वेळ टोचत राहतं. जुगारी का सोडत नाही, याचं उत्तर स्किनर इथेच शोधत होता. पुढे नव्वदच्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची नोंद घेतली. आधी दिवा लागायचा, मग फळांचा रस मिळायचा. सुरुवातीला रस मिळाला की पेशी उसळत. सवय झाल्यावर त्या दिवा लागताच उसळू लागल्या, आणि रस मिळाला तरी शांत. म्हणजे ती उसळी रसाच्या चवीची नसून अपेक्षा आणि पदरात पडलेलं यांच्यातल्या फरकाची. नक्की मिळणाऱ्या गोष्टीची मेंदूला नवलाई राहत नाही. अनिश्चित गोष्टीची कधीच संपत नाही. दारू, गर्द, कोकेन याच यंत्रणेला रसायनाने ढुशी मारतात. मटका ढुशी मारत होता आकड्याने, दिवसातून दोनदा.

म्हणून सगळेच खेळणारे वाया गेले, असं मात्र नाही. बहुतेकांनी चार आणे, आठ आणे लावले, नशिबाला हसले आणि झोपले. दारूचंही तसंच असतं. पण काहींचं मात्र सगळं गेलं: आधी पगार, मग बायकोची पोत, मग गावची जमीन. कुणाचं जाईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ‘त्याचा स्वभावच तसा’ हे उत्तर सगळ्यांना सोयीचं पडतं. बाजार जितका जवळ, डाव जितके घाईचे, पैसा जितका थोडा आणि उधारी जितकी सोपी, तितके जास्त लोक त्या दुसऱ्या गटात ढकलले जातात. या चारही गोष्टी ठरवणारा खेळणारा नव्हे.

सरकारचं काय चाललं होतं? १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात निकाल दिला होता. आर. एम. डी. चमारबागवाला बंगळूरहून बक्षीस-स्पर्धा चालवत आणि मुंबई राज्यातून त्यांना ढिगाने प्रवेशिका जात. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ऋग्वेदापासून दाखले देऊन सांगितलं की जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे घटनेतलं व्यापारस्वातंत्र्य त्याला लागू होत नाही. (जुगारावर लिहिताना धर्मराजाचं नाव घेण्याची रीत तिथेच पार पडली. एक गोष्ट मात्र राहून गेली. धर्मराज कौरवांशी दोनदा द्यूताला बसला. गिरणगावातल्या माणसाला रोज दोनदा बोलावणं होतं.) या निकालाला बारा वर्षं झाली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी काढली. मटक्याच्या नादी लागलेल्यांना सरळ मार्ग मिळावा, असं कारण. तिकिटावर सरकारी शिक्का आला म्हणजे मेंदूतल्या पेशी वेगळ्या वागतात, असा समज असावा.

मटक्याला त्याने काहीच झालं नाही. आणीबाणीत खत्री एकोणीस महिने तुरुंगात होते. १९७५ मध्येच फिरोज खानचा ‘धर्मात्मा’ आला आणि प्रेमनाथच्या रूपात मटका किंग पडद्यावर गेला. खत्री सुटले, बाजार पुन्हा जोरात. महिन्याची उलाढाल पाचशे कोटींवर गेल्याचे अंदाज छापून आले. पण या धंद्याचा हिशेब कुठल्याही ऑडिटरने पाहिलेला नाही, तेव्हा तो आकडाही मटक्यातलाच समजावा.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. गिरणगावाच्या पडझडीवर पुष्कळ लिहिलं गेलंय. इथे एवढंच नोंदवायचं की ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर आली आणि ‘गर्दुल्ला’ हा नवा शब्द तयार झाला. अनिल अवचटांनी गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाईंनी व्यसनमुक्तीच्या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १९८६ मध्ये पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण उभं राहिलं. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणूस रुग्ण आहे, त्याच्याशी तसं बोललं पाहिजे, ही भाषा तिथून मराठी घरांत पोचली. दारुड्यालाही ती लागू झाली. हे काम केवढं मोठं आहे ते ज्यांच्या घरात घडलं त्यांना विचारावं.

आकडा लावणाऱ्यापर्यंत ही भाषा यायला फार उशीर लागला, आणि तो उशीर काही आपल्याकडेच झाला असं नाही. अमेरिकेत दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये सुरू झाली. जुगाऱ्यांची त्या धर्तीवरची संघटना निघाली १९५७ मध्ये. जुगाऱ्यांना दाखल करून उपचार करणारा पहिला विभाग ओहायोतल्या ब्रेक्सव्हिलच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रॉबर्ट कस्टर या मनोविकारतज्ज्ञाने काढला तो थेट १९७२ मध्ये. त्याच्याच खटपटीने १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात जुगाराची नोंद झाली. पण कुठल्या पंगतीत? चोरीचा आणि आग लावण्याचा अनावर झटका येणाऱ्यांच्या. दारू-अफूच्या पंगतीत बसायला २०१३ उजाडावं लागलं. मधल्या काळात एक विचित्र पुरावा पुढे आला होता. कंपवाताच्या काही रुग्णांना डोपामिनचं काम करणारी औषधं दिल्यावर, आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेली ही वयस्क माणसं जुगाराच्या मागे वेडी झाली. औषध कमी किंवा बंद केल्यावर वेड उतरलं. स्वभावाला दोष देणाऱ्यांची त्यानंतर पंचाईत व्हायला हवी होती.

निदानग्रंथाच्या २०१३ च्या आवृत्तीत या व्यसनाची नऊ लक्षणं आहेत. मजा येईना म्हणून रक्कम वाढवत नेणं, थांबायचा प्रयत्न केला की चिडचिड होणं, लपवणं, दुसऱ्याकडे हात पसरणं. सगळी मुंबईच्या चाळींत आधीच माहीत होती. त्यातलं एक तर तिथे रोज ऐकू येत होतं: ‘गेलेले काढायचेत.’ हरलेली रक्कम भरून काढण्यासाठी पुन्हा खेळायला जाणं हे निदानाच्या पुस्तकात लक्षण आहे. चाळीत ते धंद्यातलं शहाणपण समजलं जायचं.

१९९५ च्या सुमारास मुंबई पोलिसांनी मटक्यावर धडक मोहीम काढली आणि शहरातल्या बुकींची संख्या झपाट्याने घटली. गिरण्या बंद पडल्याने गिऱ्हाईकही पांगलंच होतं. बाजार गुजरातकडे सरकला, क्रिकेटचा सट्टा वाढला. ऑनलाइन लॉटरीने तर दर थोड्या मिनिटांनी सोडत ठेवून ओपन-क्लोजमधले तीन तासही काढून टाकले. मटका मेला मात्र नाही. कुठल्याही जिल्हा वृत्तपत्राचं आतलं पान उघडा. ‘कल्याण नावाचा मटका जुगार खेळत व खेळवीत असताना मिळून आला’, आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या, एक बॉलपेन आणि रोख रुपये अमुक जप्त, कलम १२ (अ) प्रमाणे गुन्हा. या बातमीचा मजकूर वर्षानुवर्षं तोच आहे, फक्त गावाचं नाव बदलतं. कायदाही तोच, १८८७ चा.

फोनवरच्या खेळांनी १९५७ च्या त्याच चमारबागवाला निकालमालेतला एक धागा पकडला. कौशल्याची स्पर्धा म्हणजे जुगार नव्हे, असं तिथे म्हटलं होतं. रमी आणि फँटसी क्रिकेटवाल्या कंपन्या त्याच्या आडोशाने वाढल्या, क्रिकेटपटूंच्या जाहिराती झळकल्या. टपरीपर्यंत जायचीही गरज उरली नाही आणि क्लोज दर मिनिटाला येऊ लागला. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून फोन आणि खेळांच्या आहारी गेलेल्यांसाठी वेगळं उपचार केंद्र आहे, म्हणजे डॉक्टरांना काय चाललंय ते दिसत होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. कौशल्य की नशीब हा वाद बाजूला सारून पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले. शिक्षा ठेवली खेळवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला नाही. तो या व्यवहारातला पीडित आहे, अशी सरकारची भूमिका आहे.

ती योग्यच आहे. अडचण एवढीच की ती फोनपुरती आहे. तोच माणूस, तोच मेंदू, तेच दहा रुपये. पण ॲपवर लावले तर तो पीडित आणि टपरीवर कागदाच्या चिठ्ठीवर लावले तर आरोपी. दोन्ही कायदे आज कायद्याच्या पुस्तकात शेजारी शेजारी आहेत.